तरंगलेला थेंब

टेबलावर निळ्या पाण्याची बाटली.
पोरीनं बोट टोचलं, थेंब आत सोडला.
"बुडाला तर चालतंय, मावशी."

माझा तरंगला.

"दुसरं बोट घ्या," मी म्हटलं,
"डाव्याला तंबाखू कमी लागती."
ती हसली नाही. खालची पापणी ओढून बघितली,
मग मशीनवर घातलं. आठ पॉइंट चार.
"रक्त कुठं देताय, तुम्हालाच लागायलंय की."

वर सिव्हिलच्या तिसऱ्या मजल्यावर
सुगुणा, माझी धाकटी जाऊ,
बाळंत होऊन दोन दिवस, चुन्यासारखी पांढरी.
आमचा रक्तगट एक. तेवढंच जुळायचं.
बाकी नळावरून, सासूच्या पाटल्यांवरून
नऊ वर्षं अबोला,
एकाच ओट्यावर पाठीला पाठ लावून विड्या वळत.

कारखान्यात चेकर चिमटीत विडी दाबून बघतो,
हलकी लागली की छाट.
हजारातल्या साठ-सत्तर माझ्यासमोर मोडतो,
मी कधी तोंड उघडलं नाही.
आज मात्र म्हणाले,
"उद्या भरून आणते की, बाई."

आमच्या दारातून डाय हाऊसचं पाणी वाहतं,
टॉवेलांचं, चादरींचं.
पायरी लाल, मोरी लाल, कोंबड्यांचे पाय लाल.
एवढ्या लालात राहून
पापणीच्या आत पांढरं कसं राहिलं?

शेवटी दिलं ते डाय हाऊसच्याच पोरानं,
यन्नमांच्या व्यंकटेशनं.
पोरीनं स्पिरिटनं तीनदा पुसलं,
कोपरापर्यंतचा रंग निघेना.
शीर कशी सापडली कोण जाणे.
त्याचा थेंब दगडासारखा गेला होता तळाला.
ग्लुकोजच्या पुड्यातली दोन बिस्किटं
त्यानं माझ्या ओट्यात टाकली.

रात्री सुगुणानं डोळे उघडले.
पिशवी निम्मी उतरली होती.
माझ्या बोटाला कापूस दिसला तिला.
बघत राहिली, मग हात धरला,
"अक्का," म्हणाली.

मी सांगायला हवं होतं.
बाळ रडलं, त्याला घेतलं,
आणि राहूनच गेलं.

आता रोज रात्री एक गोळी, वर लिंबू पिळून पाणी.
काळं होईल, घाबरू नका, म्हणाली होती पोरगी.
होतंय.
चहा कमी केलाय, शेंगा-गूळ खाते,
सुगुणाच आणून ठेवते वाटीत.
संक्रांतीनंतर, गड्ड्याची गर्दी ओसरली
की परत जाऊन बोट पुढं करणार आहे.

एकदा बुडला पाहिजे.