गडगडी

मंडईची रात्र. अकराला तिसरी घंटा.
धान निघालेल्या बांधीत खुंट उरलेले,
त्यावर तनस, तनसीवर चटया, चटयांवर अख्खं गाव
आणि पाव्हण्यांची सात गावं.

नाटक फ्रान्सच्या राजाचं.
ढोरे मास्तरांनी लिहिलेलं,
ब्रह्मपुरीच्या वाचनालयातल्या एका पुस्तकावरून.
वाळवीनं जिथं पान ठेवलं नव्हतं
तिथं त्यांनी आपलं घातलं.

राजा म्हणजे फाल्गुन लांजेवार. एरवी पंक्चर काढतो.
त्याचा टोप अंबाडीचा, मानेला टोचतो,
म्हणून राजा सारखी मान वळवतो
आणि लोक म्हणतात, ऐट पाहा गा!

मी ऑर्गनवर.
मास्तर सांगत होते, तिकडे गोष्ट सुरू व्हायच्या आधी
पहिलं गाणं राजाच्या स्तुतीचं.
मला काही नवल वाटलं नाही.
आमच्याकडेही आधी अध्यक्ष, मग उपाध्यक्ष,
मग ज्यांनी जनरेटर दिला ते,
नारळ, शाल, माईकवर दोन फुंकरा.
तोवर पहिल्या रांगेतली लेकरं झोपून जातात.

तिकडे ताल धरणारा जाड काठीनं जमीन ठोकायचा म्हणे.
आमच्या डोमाजीनं पुस्तकातलं तेवढंच उचललं.
शंकरपटातली तुतारी आणली,
वाजवायची नव्हे, बैल हाकायची,
आणि फळीवर ठोकत बसला रात्रभर.

तिसऱ्या अंकात देवी ढगातून उतरते.
तिकडे त्यासाठी चाकं, दोर, आड लपलेली माणसं.
इकडे नाकाड्यांच्या विहिरीवरची गडगडी,
सागाचा बल्ला, कापसाचा ढग,
दोर धरायला नाकाड्यांचीच दोन पोरं.
मंदा बावणे ढगात बसली. मी सूर दिला.

अर्ध्यावर गडगडी अडकली.

खाली राजा हात पसरून उभा.
'ये, उजेडाच्या लेकी' त्याचं तीनदा म्हणून झालं.
मी तोच तुकडा फिरवून फिरवून वाजवतो.
माईक सगळे खाली, टांगलेले,
देवी त्यांच्याही वर, ना आभाळात ना फळीवर,
एक चप्पल पडलेली.

तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि तिथूनच गायला लागली.
कर्ण्यातून नाही. गळ्यातून.
आधी कुणाला कळलंच नाही आवाज कुठून येतो.
मग चहावाल्यानं स्टोव्ह बंद केला.
कुणीतरी जनरेटरवर पोतं टाकलं.
डोमाजीची तुतारी वर उचललेली, तशीच राहिली.
मी दहा बोटांवरून एका बोटावर आलो,
मग तेही काढलं.
राजाची मान हलेना.
सात गावं श्वास धरून,
एका बाईचा उघडा आवाज
धुऱ्यापलीकडे, मोहाच्या झाडांपर्यंत
चालत गेला, परत आला.

मग दोर सुटला. देवी धाडकन उतरली,
केसांत कापूस, गुडघा खरचटलेला.
क्षणभर काहीच नाही.
मग मागून कुणी ओरडलं, वन्स मोअर!
आणि नाकाड्यांच्या पोरांनी
तिला खरंच परत वर ओढलं.

सकाळी टेम्पोत, पायांशी गडगडी,
तिला अजून विहिरीचा वास.
सगळे झोपलेले. मास्तर तेवढे
मांडीवर वही घेऊन, धक्क्यांत
तिसऱ्या अंकाच्या समासात लिहीत होते :
'इथं अडकते.'