सैंदाणे सरांची वही

त्या वर्षी मी बाकावरच.
मांडीवर सरांची वही, कानाला पेन्सिल.
अमळनेरचं मैदान, फक्कीच्या रेषा,
कंपाउंडवर एरंडोलहून टेम्पोनं आलेली आमचीच पोरं.

दिलवर पावरा बोटांच्या टोकांनी चेंडू उचलायचा,
हात लागला की नाही कळू नये असा,
आणि गिरासे हवेत जाऊन हाणायचा.
टाळ्या गिरासेला.
सर पुटपुटायचे, दिलवर, दोन. लिही.

शेवटच्या सेटला तेरा-चौदा.
दिलवरनं दिला, गिरासेनं जाळीत घातला.
कंपाउंड ओरडलं,
"हाऊ पोऱ्या कामना नही!"
बोटं सगळी दिलवरकडे,
शेंगांची टरफलंही.
सर म्हणाले, दोन.

आदल्या आठवड्यात चोपड्याला जिंकलो
तेव्हा ह्यालाच खांद्यावर नाचवला होता.
वहीत त्या दिवशी सात शून्यं:
घाईत दिलेले चेंडू,
गिरासेच्या उंचीनं निभावलेले.
रात्री वसतिगृहाच्या ओट्यावर
सरांनी एकेक शून्य वाचून दाखवलं.
त्याच्या कानात गुलाल तसाच.

आज मात्र सर काही बोलले नाहीत.
एस.टी.त पुढच्या सीटवर डोळे मिटून बसले.
धरणगाव गेलं. दिवे गेले.
दिलवर हळूच म्हणाला,
"शेवटच्याला किती?"
मी दोन बोटं दाखवली.
तो बराच वेळ खिडकीबाहेर.
"जरा मागं पडला होता रे.
एक कर."

पेन्सिल कानालाच होती.
मी म्हणालो,
सापडत नाहीये.