एकोणचाळीस नंबर

पौषात लग्नं नसतात, कार्यालय स्वस्तात मिळतं,
म्हणून आमचं प्रदर्शन पौषातच.
सगळं सोलापूर गड्ड्यावर पाळण्यात बसलेलं,
आणि आम्ही साठ-सत्तर जण अक्कलकोट रोडला
च्युइंगगमबरोबर आलेले क्रिकेटचे पत्ते घेऊन.

बायको म्हणते, फुकट मिळायचे ते,
त्यासाठी आता रजा टाकता?
टाकतो.
टॉवेलच्या कारखान्यात मी हिशेब लिहितो.

तोटे दारातच भेटतात.
तिकीट पन्नास.
खुर्च्यांच्या फटीत मार्गशीर्षातल्या अक्षता.
नवरा-नवरी बसतात त्या स्टेजवर पुण्याचे व्यापारी,
काचेखाली त्यांचे पत्ते, एकेकाला प्लॅस्टिकचं पांघरूण,
किंमत कुठंच लिहिलेली नाही.
ती ते आपल्या तोंडावर वाचतात.
म्हणून हवा तो पत्ता उचलायचा नसतो.
शेजारचा उचलायचा, उलटायचा, नाक मुरडायचं,
मग जाता जाता: आणि हा?
एवढं करूनही कान तापतात
आणि भाव वाढतो.

गेल्या वर्षी सहाशे घेऊन गेलो, नऊशे घालवून आलो.
वरचे तीनशे इरेश म्हमाणेचे.
त्यानं ते अजून मागितले नाहीत,
हे त्याहून वाईट.

दुपारी मात्र डबे उघडतात.
कडक भाकरी, शेंगाची चटणी, कुणाची तरी तिखट पेंडपाला,
आणि एकच दटावणी: हात धू बे, पत्ते धरायचेत.
वर्षभरात हीच एक पंगत,
जिथं कुणी विचारत नाही, याचा उपयोग काय.

यंदा मी एकोणचाळीस नंबर नेला.
डावखुरा फिरकीवाला, हात वर, चेंडू अजून बोटांत.
तीस वर्षं विम्याच्या डायरीत जपलेला.
स्टेजवरच्या पोरानं भिंग लावलं,
बघितलं, परत लावलं.
काका, निळा सरकलाय.
मागची अक्षरं जाड आहेत.
डुप्लिकेट आहे हा.

एवढंच. पुढच्या माणसाकडं वळलाही.
मी पायऱ्या उतरलो
आहेर परत केलेल्या पाहुण्यासारखा.

खाली शेवटच्या रांगेत एक म्हातारा,
नातवाबरोबर नुसता बसायला आलेला,
भूमय्या गाजुल.
बघू, म्हणाला.
भिंग नाही, चष्माही नाही, हात लांब करून पाहिलं.
"हे आमचं हाय बे."

भवानी पेठेतला छापखाना.
दिवसा चादरींची लेबलं,
रात्री, मालक झोपल्यावर, हे.
गठ्ठ्यानं शाळांबाहेर विकायला जायचे.
"सिलिंडरचा एक बोल्ट ढिला होता, किती आवळला तरी.
निळा पळायचा.
बघ, टोपी डोक्याच्या बाहेर चाललीय."
अंगठ्यानं त्यानं ती टोपी आत ढकलून पाहिली.

एकही ठेवला नाही तुम्ही?
"स्वतःची चोरी कोण जपून ठेवतंय?"

गोष्ट फिरली असावी.
स्टेजवरचं पोरगं खाली आलं,
दोनशे म्हणालं, गंमत म्हणून.
मग पाचशे.
माझे कान, पहिल्यांदाच, थंड.

भूमय्यांनी माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं,
पत्ता उलटा केला, मांडीवर ठेवला.
पोरगं ओरडलं, आजोबा, नका,
लिहिलं की किंमत जाते!
त्यांनी लिहिलं.
तेलुगूत, सावकाश, तीन शब्द.
मला वाचता येत नाही. विचारलंही नाही.
जमेला धरू की नावे, तेही अजून ठरलेलं नाही.

शाईचं पेन, गुळगुळीत पाठ.
वाळेना.
मग आम्ही तिघं वाकून फुंकर घालत राहिलो,
मी, म्हातारा,
आणि पुण्याचं ते पोरगं,
भिंग काखेत धरून.