बीड

रॉकेलचं फडकं फिरवलं, कोरडं पुसून काढलं,
मग पांढरा खडू आडवा धरून फासला.
पाच मिनिटांत चीर आपणहून वर आली,
ओली, वीतभर,
दुसऱ्या सिलिंडरखालून निघालेली
आणि मध्येच मन बदलून डावीकडे वळलेली.

"गारठ्यानं केलं," आस्क्विथ म्हणाला.
मी काही बोललो नाही.

पेटली ब्रिजच्या वर, चढणीला, त्याची शेड.
बाहेर मेंढ्या, दगडी बांध,
आणि यॉर्कशरचं फेब्रुवारीतलं ऊन, पाणी घातलेल्या ताकासारखं.
ट्रॅक्टर त्याच्या बापाचा, राखाडी,
माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा.
दोन दिवसांसाठी मागून नेला होता मी,
वादळात पडलेलं झाड ओढायला.

शिरोलीच्या फाउंड्रीत दस्तगीरमामा सांगायचे,
"पोलाद वाकतंय. बीड वाकत न्हाई.
हळू तापवायचं, त्याहून हळू निववायचं.
घाई केलीस की उलतंय."
तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो,
मला वाटायचं मामा फक्त लोखंडाबद्दल बोलतायत.
(बरेचदा ते फक्त लोखंडाबद्दलच बोलत असत.)

चिरेच्या दोन्ही टोकांना भोक पाडलं,
म्हणजे ती पुढे पळत नाही.
मग ग्राइंडरनं तिचं तोंड रुंद केलं.
बरं करण्याआधी थोडं आणखी फाडावं लागतं,
हे आस्क्विथला बघवेना, तो मेंढ्यांकडे गेला.

गॅसची ज्योत तासभर, सगळ्या अंगावर, फिरती.
पाण्याचा थेंब टेकण्याआधीच उडाला
तेव्हा निकेलचा रॉड लावला.
इंचभर टाका. थांब.
पांढरा गोळा डोळ्यात राहतो, त्याच्यावरच हातोडी,
टक टक टक टक,
निवताना आखडू पाहणाऱ्या धातूला समजावत.
मग दुसऱ्या टोकाला इंचभर. मग थांब.
एका दुपारी सात इंच.
एवढ्या वेळात माझ्या आईनं गोधडीची एक बाजू पुरी केली असती
आणि शेजारणीचं भांडणही मिटवलं असतं.

तो परत आला, बॅटरी धरून उभा राहिला.
"हळू मार," एवढंच दोनदा म्हणाला.

रात्री ब्लॉक राखेत पुरला,
त्याच्याच चुलीची राख, तीन बादल्या,
आणि वर न धुतलेली लोकर,
जिला बाजारात कातरणीची मजुरीसुद्धा सुटत नाही.
शेडभर करपलेल्या लोकरीचा वास.
आत बीड निवत होतं, तासाला किती अंश कोण जाणे,
आणि आम्ही दोघं उलट्या बादल्यांवर बसून
एखादा 'टिंग' ऐकू येतो का म्हणून कान देत होतो.

"त्या रात्री तोटी उघडायची राहिली," मी म्हणालो.
"पाणी आतच होतं."

त्यानं चहा संपवला. तळाचा गाळ दाराबाहेर फेकला.
"माहीत आहे. सोडलं असतंस तर खाली बर्फ साचला असता.
सकाळी जमीन कोरडी होती."
मग उठून लोकर एका बाजूनं घसरली होती,
ती सारखी केली.

तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टर सुरू झाला.
आधी शिंकला, मग धूर, मग तोच जुना खोकला.
डावीकडच्या भोकापाशी मात्र ओल राहिली.
दिवसाला तीन थेंब. मी म्हटलं, परत उघडतो.
तो म्हणाला, राहू दे,
आणि खाली काकवीचा रिकामा डबा ठेवला.

आता थंडी पडली की रात्री मी चढण चढून जातो.
तो आधीच येऊन गेलेला असतो:
तोटीखाली पसाभर बर्फ, टॉर्चच्या उजेडात निळसर.
तरी मी हातमोजा काढतो
आणि तोटी एकदा फिरवून बघतो.