तोंड कुठं करायचं

ऐरोलीच्या बागेत रणगाडा आला त्या दिवशी
साहेबांनी नळीवर हात ठेवून फोटो काढला,
बाजारात म्हशीच्या पाठीवर ठेवतात तसा.
कमरेला परवान्याचं पिस्तूल,
ते दिसावं म्हणून शर्ट खोचलेला.
शत्रूचा होता म्हणे. आता आपला.
खाली संगमरवरात साहेब, उपसाहेब, ठेकेदार.
ज्यानं तो पकडला त्याचं नाव
पुढच्या बजेटात.

मी उद्यान खात्याचा रंगारी, हिरामण खिल्लारे.
दर सव्वीस जानेवारीच्या आधी
दोन डबे हिरवा, एक हात प्रायमर.
नळीच्या तोंडात साळुंकीचं घरटं असतं,
तेवढं सोडतो.
बिलात धरतो.

आधी तोंड हमरस्त्याकडं होतं.
मग कुणीतरी दोरी लावून पाहिली,
नेम थेट साहेबांच्या गच्चीवर.
रात्रीत क्रेन आली.
खाडीकडं फिरवलं, तर टॉवरवाल्यांचा अर्ज,
सह्या एकशे बारा:
बाल्कनीत चहा घशाखाली उतरत नाही.
पुन्हा क्रेन.

आता तोंड नाल्यापलीकडं,
आमच्या पत्र्यांकडं.
दीड वर्ष झालं. अर्ज नाही.
करायचा तर कागद कुठल्या खिडकीत द्यायचा,
ते मला माहीत आहे, मी तिथलाच माणूस,
म्हणूनच दिला नाही.

आई विचारते, भरलेलं असतं का रं ते?
असतं की, म्हणतो. साळुंकीनं.
हसते.
पण कुरडया वाळत घालताना
खाट ओढून
भिंतीच्या मागं नेते.