डोळ्याखालचं काळं

आमदारांच्या डोळ्याखालचं काळं
मी तिसऱ्यांदा पुसतोय.
फाईल तीच, फोटो तोच.
शुक्रवार पेठेत मशीन रात्रभर सुरू:
बारा बाय अठराचा एक त्यांचा,
मागोमाग विरोधकांचा,
शाई एकाच डब्यातली.

पुराच्या साली ते बोटीतून आले होते.
आमच्या गल्लीत बोट वळेना,
मग लांबूनच हात केला.
भिंतीवरची पाण्याची रेघ
आईनं अजून रंगवू दिली नाही.
राहू दे म्हणते,
मताला जाताना बघायची आहे.

गंगावेशीत, दूधकट्ट्यामागच्या गोठ्यात
धनाजी रेडेकर यंदा पैज लावत नाही.
"शे-दोनशेचा खेळ हाय भावा."
धार काढता काढता वर बघतो:
गेल्या खेपेचा फ्लेक्स म्हशीवर ताडपत्री,
साहेब उलटे हसताहेत,
जोडलेल्या हातांतून पाणी गळतंय.

तालमीतल्या पोरांनी तांबडा इकडं वरपला,
पांढरा तिकडं.
कुणाला टाकणार विचारलं
की मिशीला पीळ देतात नुसता.

मतदानादिवशी आई रेघेपाशी थांबली.
रेघ तिच्या कपाळावर वीतभर.
पदर सारखा करून निघाली.
मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

निकाल लागला एकशे ब्याण्णव मतांनी.
आमच्या गल्लीत मतं दोनशे चार.

संध्याकाळी गुलालानं माखलेला
नव्या आमदारांचा भाचा आला,
आभाराचा फ्लेक्स, चाळीस नग.
"मामांच्या डोळ्याखालचं तेवढं काढा."
झूम करून पाहिलं,
अजून काहीच नव्हतं तिथं.
म्हटलं, आधी बिल.