दशमांश

ग्रिम्झबीत वारा येतो तो मासळीचा वास घेऊनच.
गोदामं बंद पडली, वास नाही पडला.
आमचं चॅपल गोदीपासून दोन गल्ल्या आत,
रविवारी जेमतेम एकोणीस माणसं,
हीटर एकच, तोही ऑर्गनवाल्याच्या पायाशी.

मी जालन्याची, मिशनच्या दवाखान्यात जन्मलेली.
दशमांश आमच्याकडे ठरलेला:
पगार आला की आधी देवाचं, मग वाण्याचं.
इथं एक तारखेला बँकच परस्पर कापते,
आठवणही ठेवावी लागत नाही.

गेनर ब्लँचर्ड चौतीस वर्षं
शाळेच्या भटारखान्यात बटाटे सोलत होती.
तोंडाची फटकळ. तिच्या जागी कुणी गाडी लावली
तर प्रार्थना थांबेल, गेनर थांबणार नाही.
संत म्हणालात तर पळी फेकून मारील.

फेब्रुवारीत तीन रविवार दिसली नाही.
चौथ्या रविवारी आली, पोटाशी उशी धरून,
आणि चहात बिस्किट बुडवता बुडवता म्हणाली,
एक किडनी देऊन आले.
कुणाला गं?
मला काय माहीत. ज्याला नव्हती त्याला.
मला दोन होत्या.

मी डायलिसिसची नर्स.
माणसाचं रक्त बाहेर काढायचं, धुवायचं, परत घालायचं.
सोळा खुर्च्या; कोण किती वर्षं ताटकळतंय
ते मला तोंडपाठ.
तिसऱ्या खुर्चीवरचा क्लाइव्ह मला नावानं हाक मारत नाही.
सुई चुकली की विचारतो,
तुझ्या देशात जनावरांवर शिकलीस का?
फेब्रुवारीतच एका रात्री त्याला फोन आला.
खुर्ची रिकामी झाली.

किडनी कुठंही जाते, ठाऊक आहे मला,
प्लिमथला, ग्लासगोला,
जुळणी यंत्र करतं, नावं बंद पाकिटात.
तरी ती खुर्ची पुसताना हात थांबला.
मी दिली असती
तर आधी यादी मागितली असती.
हा चालेल. हा नको.

भीती नाही वाटली? मी गेनरला विचारलं.
वाटली ना. दारातूनच परत फिरणार होते,
पण घरची बस नुकतीच गेली होती.
हसली, टाके ओढले,
आणि क्रुसाच्या पुढ्यात तिनं सणसणीत शिवी हासडली.
कुणीच वळून पाहिलं नाही.

परवा क्लाइव्ह तपासणीला आला.
गाल भरलेले, ओठांवर रंग.
मी म्हटलं, बसा क्लाइव्ह.
तो काही बोलला नाही, नुसता कोट पुढं केला,
खुंटीपुढं करावा तसा.
धरला.
पावसानं ओला, जड, मासळीचा वास.
आणि मनात, सवयीनं, मी मोजत होते
हे किती टक्के झालं.